खाली दुकानं, वर फ्लॅट: संध्याकाळी सातला गाड्या लावायच्या कुठे?

पुण्यात सध्या ज्याला त्याला रिडेव्हलपमेंटचं वेड लागलंय, आमची सोसायटीही त्यात आली. मीटिंगमध्ये आर्किटेक्टनं स्क्रीनवर नकाशा लावला, तळमजल्यावर दुकानं, पहिल्यावर क्लिनिक आणि क्लाससाठी जागा, वर फ्लॅट, सगळं छान रंगीत. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अहो, पण क्लासच्या पोरांच्या गाड्या कुठे लागणार?" उत्तर आलं, "पार्किंग नियमाप्रमाणे आहे." काकू म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण कुठे लागणार?" यावर सगळे हसले आणि विषय लिफ्टच्या कंपनीवर गेला.

खरं म्हणजे त्या दिवसातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता. 'नियमाप्रमाणे किती' आणि 'प्रत्यक्षात किती लागेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडे पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा मिटवला जातो. त्यात २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी, पार्किंगचा पुरावा दाखवल्याशिवाय नवी गाडी रजिस्टर करायची नाही असं बोलून दाखवल्यापासून (जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे) पार्किंग हा घराघरातला विषय झालाय. तर छोट्या मिक्स बिल्डिंगला किती गाड्या येतील आणि किती जागा लागेल याचा अंदाज बांधतात कसा, ते बघू. गणित पाचवीतलं आहे, घाबरू नका.

आधी पंगत समजून घ्या

लग्नाला ४०० माणसं जेवणार आहेत. हॉलमध्ये पानं किती मांडायची? ४०० मांडा असं कोणीच म्हणत नाही. एक माणूस ४० मिनिटं जेवतो, लोक तीन तासांत सावकाश येत राहिले तर कुठल्याही क्षणी साधारण ९० जण पानावर असतात, म्हणजे १०० पानं मांडली तरी रग्गड. पण मुहूर्त लागला, अक्षता पडल्या आणि सगळे एकदम जेवायला धावले, की तीच १०० पानं कमी पडतात आणि मग जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या ताकाच्या वाटीकडे बघणारी मंडळी दिसायला लागतात.

एवढं कळलं की अर्धा विषय संपला. एकूण किती जण जेवले, हे ट्रॅफिकचं गणित. एका वेळी किती पानं भरलेली होती, हे पार्किंगचं गणित. आणि खुर्चीमागे उभा असलेला माणूस म्हणजे गेटबाहेर इंडिकेटर लावून थांबलेली गाडी.

सूत्र एकच: तासाला किती येतात, गुणिले प्रत्येक जण किती तास थांबतो. डेंटिस्टकडे तासाला ८ पेशंट येतात आणि प्रत्येक जण पाऊण तास असतो, तर एका वेळी ६ जण. मेडिकलच्या दुकानात तासाला ४० गिऱ्हाइकं आली पण तीन मिनिटांत गेली, तर एका वेळी दोनच. ट्रॅफिक मेडिकलवाल्याचं पाचपट, पार्किंग डेंटिस्टचं तिप्पट. म्हणून "दुकानांमुळे खूप गाड्या येतील" हे वाक्य अर्धवट आहे, येऊन किती वेळ थांबतील ते सांगा.

ट्रिप म्हणजे काय, हेही एकदाच सांगून टाकतो, कारण इथे भले भले गडबडतात. गाडी आली ही एक ट्रिप, गेली ही दुसरी. एक गिऱ्हाईक म्हणजे दोन ट्रिपा. कन्सल्टंटच्या रिपोर्टमध्ये १०० ट्रिपा लिहिल्या असतील तर गाड्या ५०च असू शकतात.

आता आपली बिल्डिंग घेऊ

पुढचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून मनाने धरलेत, तुमच्या बिल्डिंगचे वेगळे येतील. ४० फ्लॅट, ८ दुकानं, एक डेंटिस्ट, आणि अकरावी-बारावीचा एक क्लास, ज्यात एका बॅचला ६० पोरं.

फ्लॅटवाल्यांकडे घरटी एक कार आणि दीड टू-व्हीलर धरू, म्हणजे ४० कार, ६० टू-व्हीलर. रात्री अकराला सगळ्या घरी. संध्याकाळी सातला कोण ऑफिसात तर कोण ट्रॅफिकमध्ये अडकलेलं, त्यामुळे समजा २८ कार आणि ४० टू-व्हीलर आलेल्या आहेत.

दुकानांत संध्याकाळी तासाला ९० गिऱ्हाइकं, त्यातली निम्मी चालत आलेली. (बिल्डिंगमधलीच माणसं जिन्यानं उतरून कोथिंबीर नेणार, ती गाडी काढत नाहीत, मिक्स बिल्डिंगचा हा खरा फायदा.) उरलेल्या ४५ जणांत ३५ टू-व्हीलरवाले, १० कारवाले, प्रत्येकी वीस मिनिटं. सूत्र लावा: १२ टू-व्हीलर आणि ४ कार एका वेळी. आणि इथे सगळे ज्यांना विसरतात ते म्हणजे दुकानातली कामाची माणसं. आठ दुकानांत सोळा जण, त्यातल्या बारांकडे गाडी, ती सकाळी दहाला लागते ती रात्री नऊपर्यंत हलत नाही. गिऱ्हाइकाएवढीच जागा स्टाफनं खाल्ली! म्हणजे दुकानांच्या टू-व्हीलर झाल्या २४.

डेंटिस्टचे सहा जण: ४ टू-व्हीलर, २ कार.

आता क्लास. ६० पोरांपैकी २० जण स्वतःची गाडी घेऊन येतात (लायसन्सबद्दल इथे काही बोलत नाही), शिवाय ३ पालक कारमध्ये बसून मोबाइल बघत थांबलेले. तुम्ही म्हणाल २० गाड्यांची जागा दिली की झालं, पण सात वाजता एक बॅच सुटते आणि दुसरी बसते. दुसरीची पोरं पावणेसातलाच हजर असतात आणि पहिलीची सुटल्यावर लगेच जातात होय? पंधरा मिनिटं गाडीवर बसून टाइमपास चालतो. म्हणजे सातच्या आसपास २० नाही, ४० गाड्या.

बेरीज दोन तऱ्हांनी करता येते. प्रत्येकाचा आपापला जास्तीत जास्त आकडा घेऊन बेरीज केली तर ४९ कार आणि १२८ टू-व्हीलर. पण सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही, म्हणून घड्याळ लावून बेरीज करायची: सातला ३७ कार आणि १०८ टू-व्हीलर, रात्री अकराला ४० कार आणि ६० टू-व्हीलर. म्हणजे कारची खरी गर्दी मध्यरात्री आणि टू-व्हीलरची संध्याकाळी सातला, तीही जेमतेम अर्धा तास. एकच एक 'पीक अवर' धरून बसलात तर दोन्हीपैकी एक चुकणार.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. क्लासवाल्याला सांगितलं की बाबा रे, दोन बॅचमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेव, तर सातचा १०८ चा आकडा ८८ वर येतो. वीस गाड्यांची जागा वाचली, आणि ती सिमेंटनं नाही, टाइमटेबलनं वाचली.

मग ४० कारच्या जागा पुरतील ना?

कागदावर हो. सातला रहिवाशांच्या १२ कार अजून यायच्यात, त्या मोकळ्या जागांवर दुकानाची गिऱ्हाइकं लावतील, नऊ कार सहज मावतात, आणि रहिवासी घरी येईपर्यंत ती निघूनही जातील. याला शेअर्ड पार्किंग म्हणतात, जगभर चालतं.

आपल्याकडे मात्र प्रत्येक जागेवर फ्लॅट नंबर रंगवलेला असतो आणि काही ठिकाणी तर साखळी आणि कुलूप. मालक चार दिवस महाबळेश्वरला गेला तरी ती जागा रिकामी आणि कुलूपबंदच, वर वॉचमनला फोन करून "कोणी लावली नाही ना?" असं विचारणार. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये सांगितलं की स्टिल्टमधलं (म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग हे बिल्डरला फ्लॅटसारखं सुटं विकता येत नाही, ती सोसायटीची सामायिक जागा. पण वाटून घेतलेल्या जागेवर माणसाचा जीव जडतो तो जडतोच. तर वाटप केलं की शेअरिंग संपलं, आणि गरज परत ४९ आणि १२८ वर जाते. नकाशात शेअर्ड पार्किंग धरलेलं असेल आणि करारात वाटप लिहिलेलं असेल, तर जास्तीच्या नऊ कार आणि वीस टू-व्हीलर कुठल्या जागेत बसवल्यात ते आत्ताच विचारा.

"नकाशा पास झालाय, मग बाकी कशाला?"

मुंबई सोडून बऱ्याचशा महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. त्यात फ्लॅटच्या कार्पेट एरियाप्रमाणे आणि दुकानाच्या क्षेत्रफळाप्रमाणे किमान किती पार्किंग द्यायचं याचं कोष्टक आहे. किमान! शाळेत पास व्हायला ३५ लागतात तसं ते, पस्तीस मिळाले म्हणजे विषय आला असं नाही.

नियमाला दुकान म्हणजे दुकान. त्यात शिंपी बसलाय की दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या ॲपचं गोडाऊन आलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शिंप्याकडे दिवसभरात पंधरा माणसं येतील, त्या गोडाऊनच्या दारात रात्री दहालाही डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्यांची रांग असते आणि त्यांना पार्किंग नकोच असतं, त्यांना दारासमोर दोन मिनिटं हवी असतात. ती दोन मिनिटं फुटपाथवरच जाणार. म्हणून गाळे कशासाठी द्यायचे हे करारात लिहून घेणं, हेही ट्रॅफिकचंच काम आहे.

"एवढं मोजण्यापेक्षा दुप्पट पार्किंग देऊन टाका की"

नियमात कारची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी हेलिकॉप्टरनं उतरत नाही, तिला रॅम्प लागतो, वळायला जागा लागते, खांब मध्ये येतात. दिल्लीच्या २०२१ च्या मास्टर प्लॅननं हे सगळं धरून एका कारला उघड्यावर २३, स्टिल्टमध्ये २८ आणि बेसमेंटमध्ये ३२ चौरस मीटर धरलेत. ३२ चौरस मीटर म्हणजे जवळपास साडेतीनशे चौरस फूट, मुंबईत यात संसार होतात. तो खर्च कोणाच्या तरी फ्लॅटच्या किमतीत किंवा तुमच्या कार्पेट एरियात मुरतोच.

मग बिल्डर म्हणतो मेकॅनिकल पार्किंग देतो, एकावर एक. चांगली गोष्ट आहे, पण जागेबरोबर वेगही विचारा. लिफ्टला एक कार बाहेर काढायला तीन मिनिटं लागत असतील तर तासाला २० कार निघतात. सकाळी साडेआठ ते साडेनऊ २५ जणांना निघायचं असेल तर पाच जण रोज ऑफिसला उशिरा. आणि टू-व्हीलर त्यात चढवत नाहीत, आपल्याकडे अडचण तर त्यांचीच.

रस्त्यावर काय होईल

संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या तासात आपल्या बिल्डिंगच्या ट्रिपा मोजू. दुकानांच्या ४५ गाड्या आल्या-गेल्या म्हणजे ९० (२० कारच्या, ७० टू-व्हीलरच्या), डेंटिस्टच्या १६ (५ आणि ११), क्लासच्या ४० टू-व्हीलरच्या आणि पालकांच्या ६ कारच्या, रहिवाशांच्या समजा २० (५ आणि १५). एकूण ३६ कार-ट्रिपा आणि १३६ टू-व्हीलर-ट्रिपा.

आता कार आणि स्कूटर एकाच तराजूत कशी तोलायची? त्यासाठी पीसीयू नावाचं माप आहे, म्हणजे 'ही गाडी रस्त्यावर किती कारइतकी जागा अडवते'. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत कार १, आणि टू-व्हीलर एकूण ट्रॅफिकच्या दहा टक्क्यांवर असतील तर ०.७५ धरलीये (पुण्यात दहा टक्के म्हणजे हसू येतं). जाता जाता, ही १९३४ ची संस्था ज्या समितीच्या शिफारशीतून निघाली तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

तर ३६ अधिक १०२, म्हणजे १३८ पीसीयू. यातून एक वजाबाकी करायची. दुकानात येणारे काही जण त्या रस्त्यानं तसेही घरी चाललेच होते, वाटेत ब्रेड घ्यायला थांबले. ते नवीन ट्रॅफिक नाही. एक तृतीयांश तसे धरले तर २४ पीसीयू गेले, उरले ११४. गेटमध्ये वळणाऱ्या गाड्या मात्र तेवढ्याच राहतात हं, वजाबाकी फक्त रस्त्याची, गेटची नाही.

११४ जास्त की कमी? त्याच मार्गदर्शिकेत दोन लेनच्या दुतर्फा शहरी रस्त्याला तीन वेगवेगळ्या क्षमता दिल्यात: तासाला १५००, १२०० आणि ९०० पीसीयू. डांबर तेवढंच, रुंदी तेवढीच, मग फरक कशाचा? १५०० तेव्हा, जेव्हा कडेची घरं-दुकानं थेट रस्त्यावर उघडत नाहीत आणि कोणी गाडी उभी करत नाही. ९०० तेव्हा, जेव्हा सगळे गेट रस्त्यावर, कडेला गाड्या लावलेल्या आणि आडवी ये-जा भरपूर. म्हणजे निव्वळ कडेच्या कारभारामुळे तासाला ६०० पीसीयू गेले. आपल्या बिल्डिंगनं रस्त्यावर आणलेल्या ११४ पेक्षा, बिल्डिंगबाहेर लागलेल्या गाड्यांनी खाल्लेला रस्ता कितीतरी मोठा! मला विचाराल तर छोट्या प्रोजेक्टमध्ये ट्रॅफिकचा वेगळा प्रश्न फारसा नसतोच, पार्किंग चुकलं की तेच गेटबाहेर येऊन ट्रॅफिक बनतं. अर्थात रस्त्यावर आधीच ८०० जात असतील तर ११४ नं ९०० ची रेघ ओलांडली जाते, म्हणून आजचा आकडाही मोजलेला पाहिजे.

"मेट्रो आली, आता गाड्या कमी होतील"

वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, तेव्हापासून कोथरूडच्या प्रत्येक ब्रोशरमध्ये हे वाक्य आहे. ट्रॅफिकसाठी ते खरं ठरू शकतं. पण मेट्रोनं ऑफिसला गेलेल्या माणसानं कार विकलेली नसते, ती घरीच उभी असते, आणि आता दिवसभर उभी असते. म्हणजे रस्ता थोडा मोकळा झाला, पार्किंग मात्र दिवसासुद्धा भरलेलं. शेअरिंगसाठी धरलेल्या त्या बारा जागांपैकी किती उरतील बघा.

अमेरिकेचं पुस्तक आणि पॉइंट नाइन फाइव्ह

मोठ्या कन्सल्टंटचे रिपोर्ट बऱ्याचदा अमेरिकेतल्या ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सच्या संस्थेच्या मॅन्युअलवर उभे असतात. हजार चौरस फुटाच्या अमुक दुकानाला इतक्या ट्रिपा, इतकं पार्किंग. तिथलेच एक प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या आकड्यांची चांगलीच झाडाझडती घेतली होती. १९८७ च्या आवृत्तीत ड्राइव्ह-इन खिडकीच्या फास्टफूड हॉटेलला हजार चौरस फुटामागे ९.९५ पार्किंग दिलं होतं. दोन दशांश स्थळं, किती बारीक मोजमाप! पण हा आकडा १८ ठिकाणांवरून काढलेला, आणि त्या ठिकाणी प्रत्यक्षात ३.५५ पासून १५.९२ पर्यंत काहीही होतं. हॉटेल मोठं म्हणून गाड्या जास्त, असा संबंध जवळजवळ दिसतच नव्हता.

त्यात ती मोजणी बरीचशी अशा उपनगरांत झालेली, जिथे चालत कोणी येत नाही, पार्किंग फुकट आणि स्कूटर नावाचा प्राणी नाही. ती पद्धत जरूर घ्या, आकडे घेऊ नका.

मग आपले आकडे आणायचे कुठून?

शेजारून. तुमच्यासारखीच खाली दुकानं-वर फ्लॅट असलेली, पाच-सात वर्षं जुनी, गजबजलेली बिल्डिंग शोधा. एक मधला वार आणि एक शनिवार निवडा, पाऊस आणि दिवाळीची खरेदी टाळा, तुमच्याकडे क्लास येणार असेल तर परीक्षेचे दिवसही टाळा. संध्याकाळी सहा ते नऊ, दर पंधरा मिनिटांनी चक्कर मारून उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. एकाच चकरेत दिसलेला नंबर म्हणजे गिऱ्हाईक, सगळ्या चकरांत दिसलेला म्हणजे स्टाफ किंवा रहिवासी. कोण किती वेळ थांबतं हे त्यातनंच निघतं. बाहेर रस्त्यावर आणि गल्लीत लावलेल्याही लिहा, नाहीतर पार्किंग फुल असल्यामुळे बाहेर गेलेली गर्दी तुमच्या हिशेबात 'नाहीच' ठरेल. आणि एकदा रात्री साडेअकराला फक्त कार मोजून या.

आम्ही दोघं-तिघं गेलो होतो मोजायला. पहिल्या दिवशी वॉचमननं हटकलं, त्याला वाटलं आरटीओवाले आले. दुसऱ्या दिवशी तोच येऊन म्हणाला, "साहेब, सव्वासातला या ना, त्या वेळी मलाच गेटमधनं बाहेर पडता येत नाही." त्या बिल्डिंगमध्येही पहिल्या मजल्यावर क्लासच आहे. पुढच्या मीटिंगला ती वही काकूंच्या हातात दिली, आर्किटेक्टनं पानं उलटली आणि पहिल्यांदाच विचारलं, "क्लास नक्की किती पोरांचा असणार आहे?"